जुना रेझर सापडलाय? थांबा, आधी घासू नका

मागच्या अंकात सदराच्या शेवटी सहज एक ओळ टाकली होती, की घरात कुणाचा जुना सेफ्टी रेझर पडला असेल आणि तो साफ कसा करायचा किंवा किती जुना आहे हे कळत नसेल तर लिहा. वाटलं होतं दोन-चार प्रश्न येतील. आले भरपूर, पण त्यातले बरेचसे "काका घासून झालंय, आता पिवळं दिसतंय, काय करू" या जातीचे निघाले. त्यांना खरं म्हणजे उत्तर नाही, गेलेला मुलामा घासून परत येत नाही. म्हणून बाकीच्यांना हात जोडून सांगतो, मळ काढा पण वय काढायला जाऊ नका. आता प्रश्न.

आजोबांच्या ट्रंकेत रेझर मिळाला. दांडीच्या बुडाशी नॉब आहे, तो फिरवला की वरची दोन दारं उघडतात म्हणे, पण नॉब जागचा हलत नाही. आत बहुतेक ब्लेडपण अडकलंय. पक्कड लावून फिरवू का?

पक्कड आधी खाली ठेवा. पक्कड लावलीत की दोनपैकी एक होणार, नॉबवरची नक्षी चेपणार नाहीतर आतला दांडा पिळवटणार, आणि या दुसऱ्यावर घरच्या घरी इलाज नाही.

नॉब अडकलाय तो गंजाने नव्हे, नव्वद टक्के वेळा साबणाने. जड पाण्यात कॅल्शियम असतं, ते आणि साबण एकत्र आले की एक न विरघळणारा पांढरा चिकट पदार्थ तयार होतो, तोच बादलीच्या कडेला बसतो तसा रेझरच्या बिजागरीत बसतो, वर्षानुवर्षं वाळतो आणि शेवटी सिमेंटसारखा होतो. हे किटण नुसत्या पाण्याने जात नाही आणि जोर लावून तर अजिबातच नाही, त्याला भिजायला वेळ द्यावा लागतो.

एका वाटीत कोमट पाणी घ्या, कोमट म्हणजे हात बुडवून ठेवता येईल एवढंच, उकळतं नाही. त्यात भांडी घासायच्या लिक्विडचे चार-पाच थेंब टाका आणि रेझर दारं खाली करून अर्धा तास बुडवून ठेवा. मग बाहेर काढून जुन्या मऊ टूथब्रशने दारांच्या फटीत, खालच्या बाजूने, आणि दांडी जिथे डोक्याला मिळते त्या गळ्यात घासा. नॉब हाताने, रबरी हातमोजा घालून, दोन्ही दिशांना थोडा थोडा हलवून बघा. नाही हलला तर पाणी बदला आणि परत अर्धा तास. तीनदा, चारदा, लागलं तर रात्रभर. माझ्याकडच्या एकाला दोन दिवस लागले होते. तिसऱ्या पाण्यात गळ्यातून करड्या रंगाचा एक गोळा सुटून आला, वाटाण्याएवढा असेल, बोटाने दाबला तर आत दाढीचे बारीक पांढरे खुंट. कोणाचे ते देव जाणे, रेझर जुन्या सामानात मिळाला होता. पाच मिनिटं ती वाटी ओतवेना मला.

मोकळा झाला की नीट वाळवा आणि शिलाई मशीनचं पातळ तेल बिजागरीत एकेक थेंब, गळ्यात एक थेंब, नॉब दहा-वीस वेळा उघडबंद करा आणि बाहेर आलेलं काळं तेल पुसून घ्या. खायचं तेल नको, ते काही महिन्यांनी चिकट होतं आणि परत पहिले पाढे पंचावन्न.

ब्लेडचं मात्र जपून. गंजलेलं ब्लेड एक तर दारांना चिकटून बसतं नाहीतर हातात तुकडे होतात. दारं उघडली की आधी तेलाचे दोन थेंब ब्लेडवर सोडा, तासाभराने चिमट्याने आडव्या बाजूंना धरून उचला, धारेला बोट नको. तुकडे झाले तर प्रत्येक तुकडा मोजून घ्या आणि झाकणाच्या डब्यात बंद करून टाका. आणि लागलंच तर हसण्यावारी नेऊ नका, धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवा आणि डॉक्टरांना विचारा.

व्हिनेगर, लिंबू, बेकिंग सोडा, टूथपेस्ट, मेटल पॉलिश, सगळेच वेगवेगळं सांगतात. नक्की काय वापरायचं? माझा रेझर काही ठिकाणी काळा, काही ठिकाणी हिरवा आणि बाकी धुरकट आहे.

तुमच्या प्रश्नातच अर्धं उत्तर आहे, काळा, हिरवा आणि धुरकट हे तीन वेगळे रोग आहेत आणि लोक तिन्हींवर एकच औषध मारतात.

बहुतेक जुने चांगले रेझर आतून पितळेचे असतात आणि वर मुलामा असतो, निकेलचा, चांदीचा किंवा सोन्याचा. धुरकट दिसतंय ते बहुधा निकेल आणि त्यावर साबणाचा पापुद्रा, ते वर सांगितलेल्या साबणपाण्याने निम्मं तरी जातं. हिरवं दिसतंय तिथे मुलामा गेलाय, खालचं पितळ उघडं पडलंय आणि कळंक चढलाय, तांब्याचे क्षार आहेत ते. लाकडी टूथपिकने खरवडा, मग घासा, हात धुवा, पण तिथे परत चंदेरी होईल अशी आशा ठेवू नका कारण तिथे चंदेरी उरलेलंच नाहीये. काळं आणि पिवळसर काळं असेल, विशेषतः १९२० च्या आधीचा तीन तुकड्यांचा, म्हणजे झाकण, प्लेट आणि दांडी सुटी होणारा रेझर असेल, तर तो चांदीचा मुलामा असू शकतो, त्या काळात तसे पुष्कळ निघायचे. चांदीवरचा काळेपणा म्हणजे गंधकाशी झालेली प्रक्रिया, तिथे अॅल्युमिनियम फॉइल, गरम पाणी आणि बेकिंग सोडा हा उपाय खरंच चालतो, कारण त्यात चांदी घासली जात नाही, काळ्या थरातली चांदी परत चांदी होते. पण हाच सोडा अॅल्युमिनियमच्या दांडीला लावलात तर दांडी काळी पडेल. हलकी दांडी, चमक नसलेली, नखाने टिचकी मारली की बद्द वाजते, तर ती अॅल्युमिनियमची, तिला फक्त साबण.

व्हिनेगर आणि लिंबू दोन्ही आम्ल आहेत. पांढऱ्या चुन्याच्या थरावर काम करतात हे खरं, पण पाण्यात एकास एक मिसळून, दोन-तीन मिनिटं, समोर उभं राहून, आणि लगेच भरपूर पाण्याने धुवून. लोक रात्रभर बुडवून झोपतात आणि सकाळी पितळ गुलाबी झालेलं बघून मला लिहितात. गुलाबी म्हणजे वरचं जस्त निघून गेलं आणि तांबं राहिलं. त्यात मीठ घालायचा सल्ला कुणी दिला असेल तर त्या माणसाशी बोलणं बंद करा.

टूथपेस्ट आणि मेटल पॉलिश या दोन्हींत घासणारी पूड असते, म्हणजे अगदी बारीक सॅंडपेपरच तो. जाड निकेलवर, हलक्या हाताने, वर्षातून एकदा, मऊ फडक्याने, ठीक आहे. सोन्यावर कधीच नाही. हे मी शहाणपणाने सांगत नाहीये, माझ्या हातून झालंय. पहिलाच सोनेरी रेझर मिळाला होता, झाकणावर दोन काळे ठिपके होते, बाकी अंगठीसारखा. ठिपके काढायला पॉलिश लावलं, फडकं काळं व्हायला लागलं म्हणून मला आनंद, मळ निघतोय म्हटलं, आणखी घासलं. ठिपके गेले. त्यांच्याबरोबर मधला अख्खा पट्टा गेला, आणि आज तो रेझर कडेला सोनेरी आणि मधे पितळी असा आहे, बोडक्या डोक्याच्या माणसासारखा. सोन्याचा थर किती पातळ असतो याची कल्पनाच नव्हती. सोनेरी असेल तर कोमट साबणपाणी, मऊ ब्रश, टिपून वाळवणं, संपलं, ठिपके राहू देत.

अमोनिया असलेले क्लीनर पितळेपासून लांब ठेवा, का ते खाली तडा गेलेल्या दांडीच्या प्रश्नात सांगतो.

माझ्या रेझरवर "पॅट. नोव्ह. १५, ०४" असं कोरलंय. म्हणजे तो १९०४ चा आहे ना? मित्र मानायला तयार नाही.

मित्राला चहा पाजा, तो बरोबर आहे.

ही तारीख तुमच्या रेझरच्या जन्माची नाही, पेटंटची आहे. किंग कॅम्प जिलेट यांना अमेरिकेत १५ नोव्हेंबर १९०४ ला पेटंट मिळालं आणि त्यानंतर वर्षानुवर्षं निघालेल्या रेझरवर हीच तारीख छापली गेली, कारण ती कॉपी करणाऱ्यांना दिलेली तंबी होती, की बाबांनो यावर आमचा हक्क आहे. पेटंटची मुदत १७ वर्षं, म्हणजे १९२१ पर्यंत. तेव्हा तुमचा रेझर या मधल्या काळात कुठेही बसू शकतो, आणि संख्येचा विचार केला तर तो सुरुवातीचा असण्यापेक्षा नंतरचा असण्याचीच शक्यता जास्त. बघा ना, १९०३ साली, विक्रीच्या पहिल्या वर्षी, फक्त ५१ रेझर विकले गेले होते असं सांगतात, पुढच्या वर्षी तोच आकडा ९० हजारांवर गेला, आणि पहिल्या महायुद्धात अमेरिकन सरकारने सैनिकांसाठी ३५ लाख रेझरची ऑर्डर दिली. कोणत्या ढिगातला रेझर तुमच्यापर्यंत पोचेल ते तुम्हीच ठरवा.

हीच चूक जेम नावाच्या, एकाच बाजूला धार असलेल्या ब्लेडच्या रेझरबाबत तर फारच होते. "१९१२" नावाने ओळखलं जाणारं मॉडेल त्या सालच्या पेटंटमुळे तसं ओळखलं जातं, बनत राहिलं ते पुढे कितीतरी वर्षं. सगळे त्याला १९१२ चा रेझर म्हणून मिरवतात. नियम एवढाच की रेझरवर पेटंटच्या एकाहून जास्त तारखा असतील तर सगळ्यात शेवटची घ्या, रेझर तिच्या आधीचा असू शकत नाही. किती नंतरचा ते तारीख सांगत नाही.

मग कशावरून सांगायचं? रेझरच्या बांधणीवरून. जिलेटपुरतं ढोबळ सांगतो. तीन सुटे तुकडे, दातेरी कंगव्यासारखी कड, आणि ब्लेडखालच्या प्लेटला तीन गोल भोकं, हा जुना प्रकार, १९३० च्या आधीचा. त्यातही प्लेटच्या लांबीला पन्हाळीसारखी खाच असेल आणि १३ जानेवारी १९२० ची पेटंटची तारीख असेल तर तो १९२१ ला आलेला न्यू इम्प्रूव्ह्ड नावाचा, जुन्या पेटंटची मुदत संपत होती म्हणून काढलेला. तीन भोकांऐवजी मधे लांब फट असेल तर १९३० किंवा नंतरचा. दांडी फिरवून दारं उघडणारा १९३४ च्या अॅरिस्टोक्रॅटपासून सुरू होतो, म्हणजे पहिल्या प्रश्नातल्या दादांचा रेझर जिलेटचा असेल तर त्याच्या आधीचा नाही. दातांऐवजी सरळ पट्टी असलेला तीन तुकड्यांचा टेक नावाचा रेझर १९३८ चा. सुपर स्पीड १९४७. आकड्यांची तबकडी फिरवून ब्लेड कमीजास्त बाहेर काढता येतं तो अॅडजस्टेबल १९५८ च्या शेवटी आला.

अनुक्रमांकही बघा. सुरुवातीच्या तीन तुकड्यांच्या रेझरवर सिरियल नंबर असायचा, आतल्या नळीवर किंवा प्लेटवर. तुमच्यावर असेल तर तो साबणाखाली झाकलेला असणार. घासून तो फिकट करू नका, टॉर्च अगदी आडवा धरा, सावली पडली की अंक उठून दिसतात. खरं तर ओला असताना फोटो काढून मोठा करून बघायचा, बऱ्याचदा डोळ्यांना न दिसलेलं फोटोत दिसतं.

आणि एक शंका कायम मनात ठेवायची, हे तीन तुकडे एकाच रेझरचे आहेत का. दांडी एकाची, डोकं दुसऱ्याचं, डबी तिसऱ्याची असं सर्रास सापडतं, कारण घरात दोन-तीन रेझर असायचे आणि धुताना अदलाबदल व्हायची. मुलाम्याचा रंग जुळतो का, झीज सारखी आहे का, आटे न अडखळता बसतात का ते बघा.

तबकडीवर १ ते ९ आकडे असलेला जाड दांडीचा जिलेट आहे. डोक्याच्या खालच्या बाजूला "डी" आणि "४" असं बारीक दिसतं. आजोबा सांगतात हा त्यांना लग्नात मिळाला, लग्न १९५६ चं. बरोबर आहे का?

आजोबांना सांगू नका, पण नाही.

तुमच्याकडे मात्र सगळ्यात सोपी केस आहे. अमेरिकेत बनलेल्या जिलेटवर १९५१ पासून एक अक्षर आणि एक आकडा असतो, अक्षर वर्षाचं, आकडा तिमाहीचा. १९५१ ला डब्ल्यू, ५२ ला एक्स, ५३ ला वाय, ५४ ला झेड, मग १९५५ ला परत ए पासून सुरुवात, ५६ बी, ५७ सी, ५८ डी, ५९ ई, ६० एफ, ६१ जी, असं पुढे. म्हणजे डी ४ हा १९५८ च्या ऑक्टोबर ते डिसेंबरमधला, आणि अॅडजस्टेबल बाजारात आला तोच मुळी त्या सुमारास, तेव्हा तुमच्याकडे अगदी सुरुवातीच्या खेपेतला आहे. जुने रेझर जमवणारे लोक याच जाड्याला फॅटबॉय म्हणतात. कंपनीने दिलेलं नाव १९५, किंमत १.९५ डॉलर होती म्हणून. १९६१ च्या सुमारास त्याच्या जागी सडपातळ स्लिम आला.

अक्षरं फिरून परत येतात, म्हणून आधी मॉडेल ओळखायचं आणि मग अक्षर वाचायचं, उलटं नाही. १९४७ ते ५० च्या सुपर स्पीडवर असा कोड नाही, आणि इंग्लंडमध्ये बनलेल्या बऱ्याच रेझरवरही मिळत नाही, तिथे मॉडेलवरच भागवावं लागतं.

लग्नाच्या दुसऱ्या वाढदिवसाला मिळाला असेल असं म्हणून बघा, कदाचित आजीला आठवेल. सत्तर वर्षांनंतर लग्न आणि लग्नाचा वाढदिवस यांत एवढा फरक चालायचाच.

साफ करताना तबकडी ९ वर नेऊन मगच बुडवा, म्हणजे आतली जागा जास्तीत जास्त उघडी राहते आणि पाणी खेळतं. आणि ब्लेड घट्ट आवळलेलं असताना तबकडी फिरवू नका, आधी बुडाचा नॉब जरासा ढिला करा, तबकडी फिरवा, मग परत आवळा. अॅडजस्टेबल खोलून आतले तुकडे सुटे करायचा मोह सगळ्यांना होतो, मलाही झाला होता. भिजवून मोकळा होत असेल तर खोलू नका.

भाऊ, नवऱ्याने कुणाचातरी वापरलेला जुना रेझर आणलाय आणि उद्यापासून याच्यानेच दाढी करणार म्हणतोय. मला किळस येते. हे सुरक्षित आहे का?

ताई, तुमची किळस अगदी रास्त आहे आणि नवऱ्याचा हट्टही पूर्ण होऊ शकतो, फक्त उद्यापासून नाही, परवापासून.

ब्लेड नवीन असणार, हा पहिला मुद्दा, आधीच्या माणसाच्या रक्ताशी सगळ्यात जास्त संबंध आला तो ब्लेडचा आणि ते फेकायचंच आहे. राहिला धातूचा सांगाडा. काविळीचा हेपॅटायटिस बी विषाणू पृष्ठभागावर निदान सात दिवस तग धरू शकतो, म्हणून कालपर्यंत कुणी वापरत असलेला रेझर आणि तीस वर्षं डब्यात पडलेला रेझर यात फरक आहे, पण दोन्ही वेळा करायचं तेच.

आधी साबण. लोक थेट स्पिरिटमध्ये बुडवतात, पण मळाच्या थराखाली औषध पोचतच नाही, म्हणून किटण पूर्ण निघेपर्यंत निर्जंतुक करणं म्हणजे चिखलावर अत्तर. स्वच्छ झाला, वाळला, की ७० टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये दहा मिनिटं पूर्ण बुडवून ठेवायचा. ९९ टक्क्यांचं जास्त चांगलं असं वाटतं पण उलट आहे, त्यात पाणी नसल्याने ते भराभर उडून जातं आणि जंतूंच्या प्रथिनांवर नीट कामही करत नाही. गॅसपासून लांब करा एवढंच. ब्लीच नको, मुलामा खातं. पाण्यात उकळणं तर नकोच, पितळ आणि वरचा थर गरम होऊन वेगवेगळे फुगतात, कुठे पोपडा सुटलेला असेल तर तो आणखी सुटतो, आणि प्लॅस्टिकची दांडी असेल तर ती गेलीच.

दांडी प्लॅस्टिकची किंवा बेकेलाइटची, म्हणजे जुन्या काळच्या कडक प्लॅस्टिकची, असेल तर अल्कोहोलमध्ये दांडी बुडवू नका, डोकं सुटं करून तेवढंच बुडवा.

तीन तुकड्यांच्या रेझरच्या दांडीला वरून खाली उभी बारीक चीर आहे. मी कधी पाडला नाही. आवळला की चीर रुंदावते. डिंकाने चिकटवू?

तुम्ही पाडला नसेलच. या जुन्या पोकळ दांड्यांचा हा नेहमीचाच रोग आहे.

पातळ पितळेची नळी ओढून बनवताना तिच्यात ताण राहून जातो. वर्षानुवर्षं ओल लागली, त्यात अमोनियाचा अंश असला, की तो ताण एक दिवस चीर होऊन बाहेर पडतो. याला इंग्रजीत सीझन क्रॅकिंग म्हणतात आणि त्यातला सीझन म्हणजे चक्क आपला पावसाळा. ब्रिटिश फौजेची पितळी काडतुसं पावसाळ्यात घोड्यांच्या तबेल्याजवळ ठेवलेली असायची, ती न उडवताच फुटायला लागली, आणि पुढे कळलं की घोड्यांच्या मुतातला अमोनिया पितळ फोडत होता. म्हणून वर म्हटलं, अमोनियाचा क्लीनर नको. त्यात माणसं दांडी पिळून पिळून आवळतात, ब्लेड सुटेल या भीतीने, आणि चिरेला वाट मिळते.

साधा डिंक टिकणार नाही. चीर केसाएवढी असेल तर वापरा, फक्त दोन बोटांनी आवळा, मुठीने नाही, ब्लेड हललं नाही म्हणजे झालं. चीर आट्यांपर्यंत गेली असेल आणि दांडी घसरायला लागली असेल तर आतून पाणी न सोडणारा इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळून लावायचा पक्का गोंद, भरून बघतात, आट्यांना तेलाचा हात लावून, नाहीतर दांडी आणि डोकं कायमचे एक होतील. डाग देऊन, म्हणजे सोल्डर करून, जोडता येतं पण त्या उष्णतेने तिथला मुलामा जातो. मला विचाराल तर चिरलेली दांडी डबीत ठेवा आणि त्याच आट्यांची दुसरी दांडी शोधा, जुन्या जिलेटच्या दांड्या एकमेकांना बऱ्याचदा बसतात.

दातेरी प्लेटच्या वाकलेल्या दातांबद्दलही दोघांनी विचारलंय. काचेवर प्लेट पालथी ठेवा, कुठला दात वर राहतो ते दिसेल. जरासाच असेल तर लाकडी चिमट्याने एकदाच, हळूच. दोनदा वाकवलेलं पितळ तिसऱ्यांदा तुटतं.

माझ्या रेझरवर काहीच लिहिलेलं नाही. लालसर तपकिरी प्लॅस्टिक, डबी त्याच रंगाची. कुठला, कधीचा?

बिननावाचे रेझर ढिगाने निघाले, प्रत्येकाचं कूळ लागत नाही. वाहत्या गरम पाण्याखाली अर्धा मिनिट धरून वास घ्या, जुन्या बटनांसारखा कार्बोलिक वास आला तर बेकेलाइट. लिओ बेकलँडने ते १९०७ मध्ये तयार केलं, आधीचा असायचा प्रश्न नाही. भिजवत ठेवू नका, वरची चमक मरते, ओल्या फडक्याने पुसून जरासं तेल लावा.

डबीत जुन्या ब्लेडची पाकिटं असतील तर ती टाकू नका, रेझरपेक्षा पाकीट जास्त बोलतं. त्यावर स्टेनलेस लिहिलं असेल तर ते बहुधा १९६० नंतरचं, कारण विल्किन्सन स्वॉर्ड या कंपनीचं स्टेनलेस ब्लेड १९६२ च्या सुमारास गाजलं, आणि मग बाकीच्यांना मागे धावावं लागलं. अर्थात त्याने एवढंच कळतं की रेझर तोपर्यंत वापरात होता.

आजचं ब्लेड १९१० च्या रेझरला बसेल का?

दोन धारांचं असेल तर बसतं. आजच्या ब्लेडच्या मधल्या फटीचा आकार नीट बघा, लांब फटीत गोल भोकांसाठीही जागा ठेवलेली दिसेल, त्यामुळे जुनी तीन खुंट्यांची डोकीही चालतात. ब्लेड लावल्यावर आवळायच्या आधी डोळ्यासमोर धरून दोन्ही बाजूंना धार सारखी बाहेर येते का ते बघा, येत नसेल तर ढिला करून ब्लेड मधोमध सरकवा. एका बाजूचे जेम आणि इंजेक्टर, म्हणजे ब्लेड बाजूने आत ढकलायचे रेझर, यांची ब्लेड वेगळी असतात, तिथे हे चालणार नाही.

दातेरी कड बघून घाबरू नका, पण पहिल्या दिवशी गालापुरतंच करा, हनुवटी आणि गळा दुसऱ्या दिवशी. रेझर जड आहे, त्याच्याच वजनाने चालू द्या.